समोरून पाहिलेला पीळ

दोरीचा खेळ लिहून सांगणं अवघड असतं. हे मला माहीत आहे, कारण मी तो एकदा लिहिला आणि चुकीचा लिहिला. त्या चुकीची मला फार लाज वाटत नाही, चूक मी नंतर सुधारली. लाज वाटते ती त्या चुकीनं माझं जे उघडं पडायला आलं होतं आणि जे मी पुन्हा घाईघाईनं झाकून टाकलं त्याची. ते सांगण्यासाठी आधी खेळ सांगावा लागेल.

आमचं गाव हट्टा या मोठ्या गावापासून सायकलच्या अंतरावर. जिल्हा तेव्हा अजून परभणीच होता. घरची शेती, त्यात दोन एकर हळद. संक्रांत उलटली की हळद निघायची, शिजायची, आणि अंगणापासून रस्त्यापर्यंत सगळं पिवळं व्हायचं. गड्डे फोडून हळकुंडं वेगळी करायला गावाबाहेरच्या तांड्यावरून बाया यायच्या. त्यांतल्या एकीबरोबर तिची मुलगी यायची. चौथीपर्यंत ती माझ्याच वर्गात होती. चौथीनंतर ती शाळेत आली नाही, आमच्या हळदीत आली. मी पाचवीला गेले, आणि शाळा सुटली की दप्तर ओसरीवर टाकून तिच्याकडे पळायचे. मला वाटायचं, ही किती नशीबवान, हिला शाळा नाही. हे मी तिला बोलूनही दाखवलं होतं. ती फक्त हसली होती.

तिच्या परकराच्या नाडीत एक दोरी खोचलेली असायची. तांड्यावरच्या बाया कपड्यांवर भरतकाम करतात, त्यातल्या उरलेल्या धाग्यांची तिच्या काकीनं वळून दिलेली. टोकांना गाठ मारून गोल केलेली, दोन्ही हात पसरले की ताणून बसेल एवढी. मूळची लाल होती म्हणे. मी पाहिली तेव्हा हळदीच्या हातांनी केशरी झाली होती. बायांची चहाची सुट्टी झाली की ती हळदीच्या ढिगावर बसायची, मी समोर रिकाम्या पोत्यावर. दोरी बाहेर यायची.

पहिला खेळ दोघींचा. दोन्ही पंजांना दोरीचा एकेक वेढा घ्यायचा. मग उजव्या हाताच्या मधल्या बोटानं डाव्या तळव्यावरचा पदर उचलायचा आणि डाव्यानं उजव्याचा. हात लांब केले की मधोमध एक झोळी तयार होते. ती तिला गोणी म्हणायची. "आमच्या म्हाताऱ्यायचे म्हातारे बैलाच्या पाठीवर धान्य लादून मुलूखभर फिरायचे, ती गोणी," असं तिनं सांगितलं होतं. तिच्या बोलीत तिला वेगळा शब्द होता, तोही तिनं सांगितला होता. मला तो आठवत नाही. समोरच्या गड्यानं या गोणीच्या दोन्ही बाजूंना पडलेल्या फुल्या चिमटीत धरायच्या, बाहेर ओढायच्या, कडेच्या पदराखालून वळवून मधून वर काढायच्या आणि बोटं फाकायची. दोरी एका हातातून दुसऱ्याच्या हातात जाते आणि गोणीची बाज होते. बाजेवरच्या फुल्या पुन्हा तशाच उचलल्या की सरळ लांब पदर पडतात, तो कालवा. एकीनं घ्यायचं, दुसरीनं द्यायचं, आणि जिच्या हातात गुंता होईल ती हरली. मीच हरायचे, आणि दोरीला नावं ठेवायचे.

दुसरा खेळ एकटीचा. तो मला सगळ्यांत आवडायचा. डावा पंजा आपल्यासमोर उभा धरायचा, दोरी अंगठ्यात अडकवायची, एक पदर तळव्यावरून लोंबतो आणि एक पाठीवरून. अंगठा म्हणजे तांड्याचा नाईक. चार बोटं म्हणजे चार बैल. उजव्या हाताचं बोट तळव्यावरच्या पदराखालून अंगठ्याशेजारच्या फटीत घालायचं, मागचा पदर ओढून पुढे आणायचा, त्याला अर्धा पीळ द्यायचा आणि तो वेढा पहिल्या बोटावर चढवायचा. बैल बांधला. तसाच दुसरा, तिसरा, करंगळीपर्यंत चौथा. आता हात असा करकचून बांधलेला दिसतो की बघणाऱ्याला वाटतं, सुरीच आणावी. मग अंगठ्यातला वेढा काढायचा, म्हणजे नाईक उठला. तळव्यावरचा पदर धरून ओढायचा. चारही बैल सरसर सुटतात आणि दोरी मोकळी हातात येते.

"पीळ कोन्या बाजूनं देऊन राहिली, ते बघ," ती म्हणायची. "उलटा देला तर बैल सुटत न्हाई, बोट तुटंल पर सुटत न्हाई."

मला बघायचा कंटाळा. मी म्हणायचे, "तूच घाल ना माझ्या हातात." ती खरंच माझा हात मांडीवर घ्यायची आणि चारही वेढे चढवून द्यायची. माझ्या वाट्याला फक्त शेवटचं ओढणं आणि ओरडणं. पुढे मीही शिकले, पण तिच्या हाताकडे समोरून बघत, अंदाजानं. जलद केलं तर जमायचं. सावकाश केलं तर चुकायचे.

आई ओसरीवरून म्हणायची, "काहून तिच्यासंगं दोरे गुंतवत बसलीस गं? तिला तिचं काम करू दे, तू तुझं कर." म्हणजे तिनं हळद फोडायची आणि मी अभ्यास करायचा. त्या वाटणीत मला तेव्हा काही वावगं दिसलं नाही, कारण माझा वाटा बरा होता.

शाळेत मी सुतळीच्या दोरीनं मुलींना बैल सुटायचा खेळ करून दाखवला. एकीनं विचारलं, कुणी शिकवलं? मी म्हणाले, माझं मीच. वर्गात तांड्यावरचं कुणी उरलंच नव्हतं, मग खोटं कोण पाडणार? तेव्हा मी दहा वर्षांची होते. पुढचं मात्र वयावर ढकलता येत नाही.

मी डी.एड. झाले, शिक्षणसेवक म्हणून लागले, आणि औंढा तालुक्यात सिद्धेश्वर धरणाच्या बाजूला एका गावच्या शाळेत रुजू झाले. जिल्हा आता हिंगोली झाला होता. पहिल्या दिवशी मुख्याध्यापक मला शाळा दाखवत होते. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये खिचडी शिजत होती. धुरातून एक बाई उठली, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "ओळखलं न्हाई का गं?"

ओळखलं होतं. हसली तेव्हाच ओळखलं होतं. ती लग्न होऊन शेजारच्याच तांड्यावर आली होती आणि शाळेची खिचडी शिजवत होती. पण मुख्याध्यापक शेजारी उभे होते, माझी साडी कडक इस्त्रीची होती, आणि तो 'गं' मला सगळ्या शाळेला ऐकू गेल्यासारखा वाटला. "हो हो, आमच्या गावाकडची आहे," असं मी मुख्याध्यापकांना सांगितलं. तिला काहीच बोलले नाही. तिनं ते बरोबर ओळखलं. तेव्हापासून माणसांत ती मला मॅडम म्हणायची, आणि दोघीच असलो की 'अगं'. मी तेवढ्यावर खूश होते. ती मला सांभाळून घेतेय हे मला कळत होतं, आणि मी घेऊ देत होते.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी जिल्ह्याला शैक्षणिक साहित्याची स्पर्धा निघाली. माझ्या डोक्यात दोरी आली. मुलांच्या बोटांना वळण लागतं, डावं-उजवं कळतं, खर्च काही नाही. मला निम्मे खेळ आठवेनात. मग तीन दिवस, पातेली घासून झाली की मी शेडमध्ये वही घेऊन बसले. ती चुलीजवळ बसून दोरी बोटांवर घालत होती, मी समोर बसून लिहीत होते, चित्रं काढत होते. तिनं अकरा खेळ दाखवले. त्यांतले सात मी आधी पाहिलेलेसुद्धा नव्हते.

तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "पुस्तक करून राहिलीस?"

"छोटंसं. झेरॉक्सचं."

"माझं नाव टाकशील का त्यात?" ती हसत होती, पण दोरी तिच्या बोटांवर थांबली होती. "लेक आता वाचती. तिला दाखवीन, हे बघ, तुह्या मायचं नाव."

तिची लेक तेव्हा दुसरीत होती, माझ्याच शाळेत. मी म्हणाले, "टाकते की. त्यात काय."

टाकलं नाही. इथे मी कुणाचंच नाव लिहीत नाहीये, आणि त्यामुळे तिचंही नाही, असं म्हणून सुटता येईल. पण इथे माझंही नाव नाही. पुस्तिकेवर माझं होतं, ठळक अक्षरात, आणि खाली शाळेचं. मला कुणी अडवलं होतं असंही नाही. मुख्याध्यापकांना तर माहीतच नव्हतं. स्पर्धेच्या अर्जात एक रकाना होता: साहित्य स्वनिर्मित आहे काय? होय, नाही. पेन हातात घेऊन मी बराच वेळ बसले, आणि 'होय'वर खूण केली. एकदा ती खूण केल्यावर तिचं नाव कुठे बसणार? गोणीचा मी पाळणा केला, कारण पाळणा गोड वाटतो. नाईक आणि बैल काढून टाकले. अंगठा झाला गुरुजी, चार बोटं विद्यार्थी, आणि खेळाचं नाव 'शाळा सुटली'. सगळ्यांनी त्याचं फार कौतुक केलं. मला प्रमाणपत्र मिळालं, आणि मी ते काचेत बसवून घेतलं.

तिला मी सांगितलं, "अगं, आतल्या पानावर टाकायचं होतं, पण झेरॉक्सवाल्यानं ते पान गाळलं." असली फालतू थाप सुचायलासुद्धा अक्कल लागते, आणि ती मला भरपूर होती. ती म्हणाली, "असू दे." पुस्तिका उलटीपालटी करून तिनं मला परत दिली.

प्रमाणपत्रामुळे पुढच्या महिन्यातलं केंद्रसंमेलन आमच्या शाळेत ठेवलं. आसपासच्या शाळांचे तीस-पस्तीस शिक्षक आले, आणि या शाळांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुखही. मी सगळ्यांना पुस्तिका वाटल्या आणि बाजारातून आणलेली नायलॉनची दोरी कापून एकेक वाटली. आधी स्वतः करून दाखवलं. जलद. शाळा सुटली, टाळ्या पडल्या. मग म्हणाले, आता पुस्तिकेत बघून तुम्ही करा.

सगळ्यांनी केलं. चार विद्यार्थी बांधले, गुरुजींना उठवलं आणि पदर ओढला. कुणाचीच शाळा सुटली नाही. ओढावं तशी दोरी आवळत गेली. नायलॉन ते, बोटांत रुतलं. आधी हशा झाला. मग मागच्या बाकावरचे एक वयस्कर सर उभे राहिले, त्यांचं मधलं बोट जांभळं पडलं होतं. मी धावत गेले आणि सोडवायला लागले, तर आणखीच गुंतलं. "थांबा, मी सावकाश करून दाखवते," असं म्हणत माझ्या हातावर सुरू केलं आणि दुसऱ्याच बोटाला अडले. सावकाश मला येतच नव्हतं. कुणीतरी म्हणालं, ब्लेड आणा.

तेवढ्यात ती चहाचा ट्रे घेऊन दारात आली. क्षणभर बघत राहिली. पस्तीस माणसं तिचा खेळ हातात बांधून बसली होती. तिनं ट्रे टेबलावर ठेवला. "कापू नका सर," ती म्हणाली, आणि त्या वयस्कर सरांजवळ गेली. समोर नाही बसली. शेजारी बसली, त्यांच्याच बाजूनं तोंड करून, आणि त्यांच्या हाताला आपला हात लावून एकेक वेढा उलटा काढत गेली. बोट मोकळं झालं.

"पीळ उलटा देलाय," ती म्हणाली. "समोरून बघून देला की असं व्हतं. समोरच्याचा उजवा आपला डावा असतो."

तेव्हा मला माझी चूक कळली. मी आयुष्यभर समोर बसून तो खेळ पाहिला होता. लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर तिचा हात होता, माझा नव्हता. चित्र काढलं ते बघणाऱ्याच्या बाजूचं, आणि सांगितलं करणाऱ्याला. ज्याचा खेळ आहे त्याच्या हातून ही चूक होऊच शकत नाही. आणि हे एखाद्या हुशार माणसाला तिथल्या तिथे कळलं असतं.

केंद्रप्रमुख हुशार होते. ते तिच्याकडे बघत म्हणाले, "मावशी, तुम्हाला हे कुठून येतं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, मागितल्यासारखंही नाही. फक्त वाट बघत. ही माझी पाळी होती आणि ती पाळी तिनं मला दिली होती. एवढंच म्हणायचं होतं की हे सगळं हिचंच आहे. टाळ्या पडल्या असत्या, माझं कौतुक थोडं कमी झालं असतं, बस. पण मला तो रकाना दिसत होता, काचेतलं प्रमाणपत्र दिसत होतं, आणि माझं तोंड माझ्याआधी बोलून गेलं.

"मीच शिकवलंय तिला," मी म्हणाले. "शाळेत लेकरांसोबत बसते ना, बघून बघून शिकली."

 आता ती काय म्हणेल, याची मला भीती वाटली.

"व्हय," ती म्हणाली. "मॅडमनंच शिकवलं." आणि चहा वाटायला लागली.

केंद्रप्रमुखांनी मान डोलावली. एका मॅडमनं असं शिकवलं की खिचडीवाल्या मावशींनाही आलं, असं ते समारोपात म्हणाले. पुन्हा टाळ्या पडल्या. त्या मी उभ्यानं घेतल्या. माझ्या हातातला चहा तिनंच दिलेला होता, आणि तो मी प्यायलेसुद्धा.

त्यानंतर ती मला एकांतातही 'अगं' म्हणाली नाही. रुसली नाही, काम टाकलं नाही, बोलणं बंद केलं नाही. फक्त शेडमध्ये आम्ही दोघीच असलो तरी "मॅडम, मीठ संपलं". मी दोनदा बोलायचं ठरवून गेले आणि दोन्ही वेळा तांदळाची चौकशी करून परत आले. नव्या झेरॉक्समध्ये मी पीळ दुरुस्त केला, बाण उलटा काढला. नाव दुरुस्त केलं नाही. बाण बदलायला पाच मिनिटं लागली, आणि त्याच कव्हरवर नावापुरती जागा शिल्लक होती, हे मी स्वतः पाहिलं होतं.

पुढच्या वर्षी तिची लेक माझ्या वर्गात आली, तिसरीत. खिचडीच्या आधीचा तास होता. मी मुलांना दोऱ्या वाटल्या होत्या, सगळा वर्ग गुंतून पडला होता. ती पोरगी तेवढी दोरी मांडीवर ठेवून गप्प बसली होती.

"तुला येत नाही का?" मी विचारलं.

"येतं."

"मग कर की."

तिनं केलं. सावकाश, एकेक वेढा नीट ताणून, अजिबात न चुकता. ओठ हलत होते. मी वाकून ऐकलं, ती बैल मोजत होती. शेवटी पुटपुटली, "नाईक उठला," आणि पदर ओढला. माझ्या पुस्तिकेत नाईक नव्हता. तो घरूनच आला होता.

 मी तिच्याजवळ खाली बसले आणि विचारलं, "कुणी शिकवलं तुला?"

"मायनं. अन् मायला तुमी शिकवलं."

"नाही," मी म्हणाले. वर्षभर न निघालेलं वाक्य कसंबसं बाहेर काढलं. "तुझ्या मायनं मला शिकवलं. आम्ही तुझ्यापेक्षा थोड्या मोठ्या होतो तेव्हा. हे सगळे खेळ तिचे आहेत."

तिला आनंद होईल असं मला वाटलं होतं. तिनं कपाळाला आठ्या घातल्या. जवळपासची पोरं दोऱ्या सोडून आमच्याकडे बघायला लागली.

"न्हाई," ती म्हणाली. "मी इचारलं व्हतं मायला, तुहं नाव काहून न्हाई पुस्तकात. ती म्हणली, खेळ मॅडमचाच हाय. सगळ्या सरायसमोर बी तसंच सांगितलं तिनं." तिनं दोरीची नीट घडी केली आणि माझ्या हातात दिली. "माझी माय खोटं बोलत न्हाई."

बाहेर शेडमध्ये पातेल्यावर पळी वाजली. उघड्या दारातून तिच्या मायची पाठ दिसत होती. वर्ग माझ्याकडे बघत होता. खोटं मी बोलले होते. म्हणायचे ते एवढे चारच शब्द होते, आणि तिसरीतल्या पोरांना कळतील इतके सोपे होते.

"ताटं घ्या," मी म्हणाले, "आणि रांग करा."